१६ जानेवारी: अमेरिकेचा धर्मस्वातंत्र्य दिन आणि तीन पेन्सचा तंटा

पोटोमॅककाठी

मंडळी, व्हर्जिनियात येऊन अकरा वर्षं झाली, पण १६ जानेवारीला इथे काही असतं हे मला यंदा कळलं, तेही लेकाच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे. सुट्टी नाही, सेल नाही, मग कोण लक्षात ठेवणार? त्यात जानेवारीतला तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा. २०२३ साली दोन्ही एकाच दिवशी आले आणि हा बिचारा पार झाकून गेला.

तर १६ जानेवारी हा 'रिलिजस फ्रीडम डे'. १७८६ साली याच दिवशी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने धर्मस्वातंत्र्याचा जगातला पहिला कायदा केला. १९९३ च्या जानेवारीत थोरल्या बुशसाहेबांनी, व्हाइट हाउसमधला मुक्काम हलवायच्या तोंडावर, या दिवसाचं पहिलं घोषणापत्र काढलं. तेव्हापासून पक्ष कुठलाही असो, दरवर्षी राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा पानभर मजकूर निघतो. घरी, शाळेत, प्रार्थनास्थळी हा दिवस पाळा, एवढंच.

पोराला घेऊन फ्रेडरिक्सबर्गला गेलो. १७७७ च्या जानेवारीत राज्याचे जुने कायदे सुधारून लिहायला थॉमस जेफर्सन (या कायद्याचा लेखक, पुढे राष्ट्राध्यक्ष) आणि आणखी चौघे याच गावात बसले होते. वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवर त्याचं दगडी स्मारक आहे. आम्ही दोघं आणि कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक बाई, बाकी चिटपाखरू नव्हतं. बाईंना विचारलं, हे कशाचं? "युद्धाचं असेल," म्हणाल्या. त्यांचीही चूक नाही, त्या गावात यादवी युद्धाच्या खुणा पावलोपावली.

पण खरा हादरा बसला तो पुढचं वाचून. व्हर्जिनियात तेव्हा इंग्लंडचं चर्च हे सरकारी चर्च. तुम्ही कुणीही असा, त्याच्या पाद्र्याचा पगार तुमच्या करातून जायचा. तोही तंबाखूत! वर्षाला १६,००० पौंड तंबाखू. बाप्टिस्ट (सरकारी चर्चबाहेरचा एक ख्रिस्ती पंथ) लोकांना प्रवचन करायचं तर सरकारी परवाना हवा. त्यातले अनेक जण म्हणाले, देवाचं नाव घ्यायला तुमचा कागद कशाला? मग तुरुंग. कागदोपत्री गुन्हा धर्माचा नाही हं, 'शांतताभंगाचा'. कल्पेपरच्या कोठडीत जेम्स आयर्लंड नावाचा प्रवचनकार १७६९-७० च्या हिवाळ्यात होता. तो गजांतून बाहेरच्या लोकांना प्रवचन द्यायचा. विरोधकांनी दाराशी गंधक आणि मिरच्या जाळून त्याला धुरी दिली. बोलत असताना तोंडावर लघवी केली. हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मिरचीची धुरी म्हटल्यावर मला आपल्याकडच्या जुन्या शिक्षा आठवल्या. माणसाची कल्पनाशक्ती या बाबतीत जगभर सारखीच चालते.

शेजारच्याच ऑरेंज काउंटीत बावीस वर्षांचा जेम्स मॅडिसन (हाही पुढे राष्ट्राध्यक्ष) राहत होता. जानेवारी १७७४ मध्ये तो मित्राला पत्रात लिहितो की जवळच्या काउंटीत पाच-सहा भली माणसं धार्मिक मतांपायी तुरुंगात आहेत, आणि यावर वाद घालून घालून माझा धीर सुटला. हाच मॅडिसन बारा वर्षांनी जेफर्सनचा कायदा पास करून घेतो. स्वतः जेफर्सन तेव्हा पॅरिसला वकिलातीवर.

कायद्याचा गाभा दोन ओळींचा आहे. कुणालाही कुठल्या पंथाला जायला किंवा पोसायला भाग पाडता येणार नाही, आणि धर्ममतांमुळे कुणाचे नागरी हक्क कमी-जास्त होणार नाहीत. प्रस्तावनेत जेफर्सन म्हणतो, आमचे नागरी हक्क आमच्या धर्ममतांवर अवलंबून नाहीत, जसे ते पदार्थविज्ञान किंवा भूमितीतल्या मतांवर नाहीत. भूमिती! धर्माच्या कायद्यात.

आता प्रश्न. असा दिवस सरकारने पाळावा का? पाळून काय होतं? मला तरी वाटतं पाळावा, पण जसा पाळतात तसा नाही. घोषणापत्रात 'श्रद्धा', 'वारसा', 'विविधतेतलं सौंदर्य' असं सगळं गुळगुळीत येतं. कल्पेपरची कोठडी येत नाही, तंबाखू येत नाही.

मीरा_जर्सी

वाचतेय. प्रोजेक्टला काय मिळालं ते सांगा आधी :)

खडूस

लेख बरा आहे पण "जगातला पहिला" हे खोडा. ऱ्होड आयलंडला १६६३ च्या सनदेतच धर्मावरून कुणाला छळायचं नाही असं कलम होतं. पेनसिल्व्हेनियाची सनद १७०१ ची. ट्रान्सिल्व्हेनियात तोर्डाचा ठराव १५६८ चा. तुमचं व्हर्जिनिया बरंच उशिरा आलेलं पाहुणं आहे.

पोटोमॅककाठी

मान्य, खडूसराव. संपादनाची सोय संपलीय, नाहीतर लगेच बदललं असतं. पण एक फरक आहे. पेनसिल्व्हेनियाच्या सनदेत एक ईश्वर मानणाऱ्यालाच संरक्षण, आणि सरकारी पदाला ख्रिस्तावर श्रद्धा हवी. मेरीलँडच्या १६४९ च्या कायद्याला तर 'सहिष्णुता कायदा' म्हणतात, आणि त्यातच त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) नाकारणाऱ्याला देहदंड आहे. म्हणजे सहिष्णुता कुंपणाच्या आतल्यांना.

व्हर्जिनियात कुंपण काढलं. १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात जॉर्ज मेसनने 'टॉलरेशन' शब्द घातला होता, पंचविशीच्या मॅडिसनने तो काढायला लावला. का? तर सहन करणारा कुणीतरी वरच्या पायरीवर उभा असतो आणि त्याची मर्जी फिरली की सहन करणं संपतं. हक्क म्हटलं की मर्जीचा प्रश्न येत नाही.

खडूस

ठीक. 'पहिला' च्या जागी 'पहिला धड कायदा' म्हणा.

बाऊनगल्ली

आमच्या न्यूयॉर्कला विसरू नका राव! फ्लशिंगला जे गणपतीचं देऊळ आहे ना (१९७७ च्या ४ जुलैला प्राणप्रतिष्ठा झाली, अमेरिकेतल्या जुन्या देवळांपैकी एक), ते कुठल्या रस्त्यावर आहे? बाऊन स्ट्रीट. आपण सगळे तळघरातल्या कँटीनमधल्या डोशासाठी तिथे जातो, पण हा बाऊन कोण हे मी पंधरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

जॉन बाऊन हा इथला शेतकरी. तेव्हा ही न्यू नेदरलँड वसाहत, डचांची. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटने हुकूम काढला की क्वेकर पंथाच्या माणसाला घरात थारा दिलात तर दंड. २७ डिसेंबर १६५७ ला फ्लशिंगच्या तीस गावकऱ्यांनी त्याला लेखी उत्तर दिलं की हे आमच्याने होणार नाही. गंमत म्हणजे सह्या करणारे बहुतेक स्वतः क्वेकर नव्हते. दुसऱ्यासाठी सही केली. अर्जात ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन लोकांचाही उल्लेख आहे. सरकारी उत्तर अपेक्षित तेच: गावचा कारकून आणि शेरीफ आत.

पाचेक वर्षांनी बाऊनने आपल्या घरात क्वेकरांच्या सभा भरवल्या. १६६२ ला अटक, दंड नाकारला म्हणून हद्दपारी. तो हॉलंडला गेला आणि वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या मालकांपुढे उभा राहिला. १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हेसंटला लिहिलं, लोकांच्या सद्सद्विवेकात हात घालू नका. (व्यापाऱ्यांना वस्ती वाढायला हवी होती, भूतदया वगैरे नाही.) ते घर अजून उभं आहे, देवळाच्याच रस्त्यावर, चालत जाता येईल इतकं जवळ. मूळ अर्ज ऑल्बनीला राज्याच्या दप्तरात आहे. १९११ च्या आगीत त्याच्या कडा जळाल्या, मजकूर वाचला.

त्यामुळे माझं मत, १६ जानेवारीपेक्षा २७ डिसेंबर पाळा. तो कायदा पुढाऱ्यांनी केला, हा अर्ज गावाने.

मीरा_जर्सी

काय सांगता! डोसा खाताना यापुढे बाऊनच्या नावाने एक घास जास्त.

कायदेपंडित_नव्हे

बाऊनगल्ली, गोष्ट सुंदर, पण पुढाऱ्यांचा कायदा म्हणून व्हर्जिनियाला कमी लेखू नका. तिथेही अर्जांनीच काम केलं, आणि ही बाजू मूळ लेखात राहून गेलीय.

१७८४ ला पॅट्रिक हेन्रीने (तोच, 'स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या' वाला) एक विधेयक आणलं. सरकारी चर्च नको, पण 'ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी' सगळ्यांनी थोडा कर भरायचा. कुठल्या पंथाला जावा ते करदात्याने सांगायचं, ज्याला सांगायचं नाही त्याचा पैसा शाळांना. ऐकायला किती वाजवी! खुद्द वॉशिंग्टनला त्यात फार वावगं वाटलं नव्हतं. आणि गंमत पाहा, १७६३ मध्ये याच हेन्रीने तंबाखूच्या पगारावरून पाद्र्यांच्या विरोधात कोर्टात असं काही भाषण ठोकलं होतं की ज्यूरीने पाद्र्याला नुकसानभरपाई दिली एक पेनी.

मॅडिसनने पहिली चाल केली ती वेळकाढूपणाची. हेन्री गव्हर्नर झाला, म्हणजे सभागृहातून गेला. मतदान पुढच्या वर्षावर ढकललं. मधल्या वेळात, १७८५ ला, मॅडिसनने पंधरा मुद्द्यांचा निनावी अर्ज लिहून गावोगाव फिरवला. त्यातलं वाक्य असं: जी सत्ता नागरिकाकडून एखाद्या पंथासाठी फक्त तीन पेन्स वसूल करू शकते, ती उद्या त्याला कुठल्याही पंथापुढे कुठल्याही बाबतीत मान तुकवायला लावू शकते. रक्कम किती हा सवालच नाही, हात खिशात गेला का एवढंच बघायचं.

पण सह्या जास्त कुणाच्या? बाप्टिस्टांच्या वेगळ्या अर्जावर, मॅडिसनच्या अर्जापेक्षा कितीतरी जास्त. त्यांचं म्हणणं, सरकारच्या पैशाने धर्म नासतो. म्हणजे एकीकडे चमत्कारांवर विश्वास नसलेला जेफर्सन आणि दुसरीकडे गजांतून प्रवचन देणारे भाविक, दोघं एकाच कायद्यासाठी. हेन्रीचा कर मेला आणि त्याच लाटेवर १६ जानेवारीचा कायदा तरला.

नदीपल्याड

सगळं छान चाललंय म्हणून विरजण घालतो. कायद्याच्या प्रस्तावनेत 'देवाने मन स्वतंत्र निर्माण केलं' असं आहे. लिहिणाऱ्याच्या मालकीची माणसं शेतावर राबत होती. १८३१ ला नॅट टर्नरचं गुलामांचं बंड झालं (टर्नर स्वतः गुलाम आणि प्रवचनकार), आणि पुढच्याच वर्षी याच व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने काळ्या माणसाला, गुलाम असो की मुक्त, प्रवचन करायला बंदी केली. धर्मस्वातंत्र्याचा कायदा तेव्हा पुस्तकात होताच की!

आणि मूळनिवासींचं काय? १८८३ पासून त्यांचे सूर्यनृत्यासारखे विधी सरकारी नियमाने गुन्हा होते. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करायला १९७८ उजाडलं. आणि १९९० मध्ये ओरेगनचे दोघे पेयोटी या विधीतल्या वनस्पतीपायी नोकरीवरून गेले आणि बेकारभत्ता नाकारला गेला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने सरकारचीच बाजू घेतली.

घोषणापत्रात हे कधी येतं का? दिवस साजरा करणं म्हणजे हिशोब मिटला असं दाखवणं.

पोटोमॅककाठी

नदीपल्याड, खोडून काढण्यासारखं काही नाही यात. मुलाच्या प्रोजेक्टमध्ये १८३२ ची ओळ घातली. त्याच्या बाईंनी शेरा दिला, 'चांगला शोध'. (मीराताई, मार्क अजून यायचेत.)

फक्त ओरेगनच्या निकालापुढची गोष्ट अशी की त्यावर इतका गदारोळ झाला की काँग्रेसने १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा केला. सेनेटमध्ये ९७ विरुद्ध ३. हल्ली या दोन पक्षांचं पाऊस पडतोय का यावरही एकमत होत नाही. पुढे १९९७ ला कोर्टाने तो राज्यांपुरता रद्द केला, ते वेगळं रामायण.

सरळवाट

भारतात बसून वाचतोय, म्हणून लांबून बोलतो. तीन पेन्स वाचून चमकलो. आपल्या घटनेचं कलम २७ काढून बघा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी म्हणून राखलेला कर कुणालाही भरायला लावता येणार नाही. शाळेत २५ पाठ करून घेतात, २७ पर्यंत कुणी पोचत नाही.

पाटीवर_खडू

मग आपल्याकडे तीर्थयात्रांना, कुंभमेळ्यांना सरकारी पैसा जातो त्याचं काय? आणि देवळं सरकारच्या ताब्यात का? त्यावर बोलायची कुणाची...

संपादक मंडळ

वरील प्रतिसादातला पुढचा भाग आणि त्याखालचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. भारतातल्या देवस्थानांवर स्वतंत्र धागा काढा. इथे १६ जानेवारी.

खडूस

नऊच? मंडळ आज दयाळू आहे.

शिवणदोरा

मला घोषणापत्रापेक्षा रोजचा अनुभव सांगावासा वाटतो. आमच्या गावात (नाव नको) आम्ही पंचवीस-तीस कुटुंबांनी मिळून देवळासाठी जुनं गोदाम घ्यायचं ठरवलं. झोनिंगची (कुठल्या जागेचा वापर कशासाठी, या नियमांची) सुनावणी लागली. मी पहिल्यांदाच असल्या ठिकाणी बोलायला उभी राहिले, हातातला कागद थरथरत होता. समोरच्या लोकांनी देवाविषयी एक शब्द काढला नाही हो. फक्त पार्किंग. किती गाड्या, रविवारी किती, सणाला किती, घंटेचा आवाज किती डेसिबल. एकाने विचारलं, "तुमच्यात प्राणी बांधतात का आवारात?" त्याच रस्त्यावर दोन चर्च आहेत, त्यांच्याकडे नाताळला गाड्या कोपऱ्यापर्यंत लागतात.

चार वेळा तारीख पुढे गेली. मग आमच्यातल्या एकाने वकील गाठला. त्याने मंडळाला साधं दोन पानी पत्र लिहिलं आणि त्यात २००० सालच्या केंद्रीय कायद्याचा हवाला दिला. प्रार्थनास्थळाला जमिनीच्या नियमांत इतर सभागृहांपेक्षा वाईट वागवता येत नाही, आणि सबळ कारणाशिवाय मोठा अडथळा घालता येत नाही, असा तो कायदा आहे. पाचव्या तारखेला मंजुरी. जादा बेचाळीस पार्किंग आखायच्या अटीवर.

म्हणून मूळ लेखातलं ते 'शांतताभंग' वाचून हसूच आलं. तेव्हा शांतताभंग, आता पार्किंग.

बाऊनगल्ली

शिवणदोरा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. प्राणी बांधण्याचा प्रश्न आम्हालाही एकाने विचारला होता, लग्नातल्या घोड्यावरून.

कायदेपंडित_नव्हे

मूळ प्रश्नाकडे येतो: सरकारने पाळावा का? यावर जेफर्सन आणि मॅडिसन या दोघांचंच मत काय असतं? जेफर्सन राष्ट्राध्यक्ष असताना उपवासाचे आणि प्रार्थनेचे दिवस जाहीर करायला ठाम नकार द्यायचा. १८०८ च्या एका पत्रात त्याने कारण दिलंय की घटनेने मला तो अधिकारच दिलेला नाही. मॅडिसनने १८१२ च्या युद्धात असे दिवस जाहीर केले, पण म्हातारपणीच्या टिपणांत ते चूकच होतं असं लिहिलं. काँग्रेसमध्ये पगारी पाद्री असण्यालाही त्याचा विरोध.

त्याच काँग्रेसमध्ये २००० साली हाउसमध्ये आणि २००७ साली सेनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली. सेनेटच्या वेळी गॅलरीतून आरडाओरडा झाला, लोकांना पकडून न्यावं लागलं. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ फॉरवर्ड केला आणि अभिमान बाळगला. मीही. पण मॅडिसनला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, कुणाचीच नको.

कोर्टातही हा तंटा मिटलेला नाही. १९४७ च्या एव्हरसन खटल्यात न्यू जर्सीतल्या कॅथलिक शाळेच्या मुलांचं बसभाडं सरकारने द्यावं का, असा वाद. पाच न्यायमूर्ती म्हणाले चालेल, चार म्हणाले नाही, आणि दोन्ही बाजूंनी आधार व्हर्जिनियाचाच घेतला! विरोधातल्या रटलेज यांनी तर मॅडिसनचा अख्खा अर्ज निकालाला जोडला. २०२२ मध्ये मेन राज्याच्या खटल्यात कोर्ट उलट टोकाला गेलं: राज्य खाजगी शाळांची फी देत असेल तर धार्मिक शाळांना वगळता येणार नाही. आता हे स्वातंत्र्य की तीन पेन्स? मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत.

मीरा_जर्सी

मला नाही पटत दोन्ही. माझ्या करातून कुणाच्याही देवाची फी नको, माझ्या देवाचीसुद्धा.

पोटोमॅककाठी

मीराताई, म्हणजे तुम्ही १७८५ च्या बाप्टिस्ट.

'हिंदू' वरून आठवलं. विधेयकाच्या चर्चेत कुणीतरी दुरुस्ती सुचवली होती की प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घाला. ती मोठ्या बहुमताने पडली. त्यावर जेफर्सन आत्मचरित्रात लिहितो, यावरून दिसतं की ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कुठल्याही प्रकारचा नास्तिक, सगळ्यांना या कायद्याच्या पांघरुणात घ्यायचा त्यांचा विचार होता. अख्ख्या व्हर्जिनियात तेव्हा हिंदू शोधून सापडला असता का? शंकाच. तरी यादीत जागा ठेवली. मुलाला ते वाक्य वाचून दाखवलं तर म्हणतो, "बाबा, 'हिंडू' चं स्पेलिंग चुकलंय." जुनं स्पेलिंग आहे रे बाबा, म्हटलं.

आणि नदीपल्याड, हिशोब मिटल्याचं दाखवणं म्हणालात ना, त्यासाठी कायद्याचा शेवटचा परिच्छेद वाचा. मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटला. त्यात विधिमंडळ सरळ कबूल करतं की आमच्यानंतर निवडून येणाऱ्यांचे हात बांधायचा आम्हाला अधिकार नाही, त्यामुळे हा कायदा कधीच बदलता येणार नाही असं लिहिण्यात अर्थ नाही. पण जो कुणी बदलेल तो माणसाच्या नैसर्गिक हक्कावर घाला घालेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. म्हणजे १७८६ लाच त्यांना माहीत होतं की १८३२ येऊ शकतं. तो मजकूर आजही व्हर्जिनियाच्या कायद्याच्या पुस्तकात, कलम ५७-१ म्हणून, जसाच्या तसा आहे.

माझं ऐकलं तर घोषणापत्रात फक्त हा परिच्छेद छापावा आणि खाली सही करावी.

नदीपल्याड

हा परिच्छेद वाचला नव्हता. विरजण थोडं परत घेतो. सगळं नाही.

सरळवाट

कल्पेपरचा तो तुरुंग आहे का अजून?

पोटोमॅककाठी

तुरुंग नाही. त्या जागेवर आता चर्च आहे. बाप्टिस्टांचं.

शिवणदोरा

पुढच्या १६ ला फ्रेडरिक्सबर्गला कुणी जाणार असेल तर आम्ही दोन गाड्या घेऊन येतो. वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवर पार्किंग मिळतं का?